रस्त्याची दोरी, घराची भिंत

फैजपूरच्या जुन्या बाजारात आमचे पिढीजात घर आहे. रस्त्यावरून पाहिले तर ते तीन खणांचे, म्हणजे जेमतेम एकवीस फूट रुंदीचे. आत शिरले की मात्र ते संपता संपत नाही. पुढे ओटा, ओट्यामागे गादी-तक्क्याचे दुकान, त्यामागे माजघर, मग उघडा चौक, स्वयंपाकघर, धान्याची बळदे आणि अखेरीस मागच्या बोळात उघडणारे परसदार. ही खोली नव्वद फूट भरते. लहानपणी मी दादासांना विचारले होते की आपले घर आगगाडीच्या डब्यासारखे का? दुकानाच्या फळ्या लावता लावता त्यांनी उत्तर दिले होते, "अरे, रस्ता सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा यायला नको का?"

त्या उत्तराची आठवण गेल्या दिवाळीत पुन्हा झाली. वहीपूजन आटोपल्यावर घरातील तरुण मंडळींनी वाटणीचा विषय काढला. काकासांचे नातू पुण्यास आहेत, आमचा धाकटा जळगावला. प्रत्येकाला आपला हिस्सा वेगळा हवा आहे, आणि ते अयोग्यही नाही. मोजणी करणाऱ्या गृहस्थांनी कागदावर एक सरळ रेषा ओढून दाखविली: रस्त्यापासून परसदारापर्यंत मधोमध भिंत, प्रत्येकी साडेदहा फूट तोंड. हिशोब चोख होता. तरीही त्या रेषेने मन अस्वस्थ झाले. व्यापारी पेठांमधील जागा प्रथम कोणी, कशा आणि का तोडून दिल्या हे जाणून घेण्याचा छंद मला तेव्हापासून लागला. जे हाती आले ते वाचकांसमोर ठेवीत आहे, कारण खानदेशातील आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

गाव वाढते, पेठ वसविली जाते

आपल्याकडील वस्तीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक आपोआप वाढलेले गावठाण. त्यात वाट आधी पडते, घरे मागाहून येतात. कोणी ओटा पुढे घेतला, कोणी गोठा बांधला, की गल्ली वाकडी होते. दुसरा प्रकार म्हणजे ठरवून वसविलेली पेठ. येथे आधी रस्त्याची दोरी लागते, मग दोरीच्या दोन्ही अंगांना जागा तोडून दिल्या जातात आणि त्यानंतर माणसे राहावयास येतात. फैजपूरसारख्या गावी हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसतात. बऱ्हाणपूर, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशी जाणारी सातपुड्याच्या पायथ्याची वाट हा येथील व्यापाराचा कणा. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी फैजपूरच्या छापील कापडाची, निळ्या व तांबड्या रंगाची, रंगाऱ्यांच्या सुमारे २५० घराण्यांची आणि जिल्ह्यातील मोठ्यांत गणल्या जाणाऱ्या लाकडाच्या आठवडे बाजाराची नोंद घेतली आहे. अशा ठिकाणी रस्त्याला लागून असलेली एक हात जागा मागच्या दहा हातांपेक्षा मोलाची ठरते. दुकानाला तोंड हवे. साठवण, स्वयंपाक, निजणे हे सारे मागे चालते. त्यामुळे रस्त्याची लांबी अनेकांत वाटली जाते आणि प्रत्येकाची जागा अरुंद पण खोल होते. उजेड-वारा आत यावा म्हणून मध्ये चौक ठेवावा लागतो. दादासांच्या एका वाक्यात हे सारे अर्थशास्त्र होते.

कौल, शेटे आणि महाजन

मराठेशाहीत पेठ वसविणे हे राज्यकारभाराचे एक महत्त्वाचे अंग होते. पेठेसाठी नुसती जागा पुरत नसे, माणसांना भरवसा द्यावा लागे. तो भरवसा म्हणजे कौल. नव्या पेठेत येणाऱ्या वाणी-उदम्यांना काही वर्षे मोहतर्फा आणि जकात यांत सूट किंवा सवलत दिली जाई. उदमी बोलावून आणणे, त्यांना जागा नेमून देणे, बाजाराची शिस्त राखणे, ही कामे शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असत. व्यापाऱ्याने आपले भांडवल घेऊन परक्या गावी यावे तर त्याला तीन गोष्टींची खात्री लागते: जागा कोणी हिसकावणार नाही, कर एकाएकी वाढणार नाही आणि दुकानापुढचा रस्ता कोणी अडविणार नाही. कौलाने पहिल्या दोन दिल्या. तिसरी रस्त्याच्या दोरीने दिली.

पुण्याचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. जुन्या कसब्याभोवती एकेक पेठ जोडली गेली. मलकापूरची रविवार पेठ झाली, शहापूरची सोमवार, अष्टापुऱ्याची मंगळवार. पेशवाईत बुधवार, शुक्रवार, सदाशिव, नारायण, नाना, रास्ता अशी ही माळ लांबत गेली. संपूर्ण शहराचा एकच आराखडा कोणी आखला नव्हता. प्रत्येक पेठ हा स्वतंत्र करार होता, म्हणून एका पेठेचा रस्ता दुसऱ्या पेठेच्या रस्त्याला नेमका जुळतोच असे नाही. पेठेच्या आत आळ्या धंद्यांप्रमाणे पडल्या: तांबट आळी, बोहरी आळी, कापडगंज. पूर्वीची वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ. तेथील श्रीगोडीजी पार्श्वनाथ मंदिराला आपल्यापैकी अनेक जण दर्शनास गेले असतील. पुढच्या वेळी जाल तेव्हा मंदिराभोवतालच्या घरांची तोंडे आणि खोली अवश्य न्याहाळावी.

आधी पाणी, मग रस्ता

रस्ता आखला आणि पाणी नसेल तर पेठ ओस पडते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले, तेव्हा डोंगराकडून खापरी नळांनी पाणी आणणारी नहर हा त्याच्या योजनेचा प्राण होता. तेच नगर पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. मोगल सैन्यातील सरदारांच्या नावांनी तेथे जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा असे पुरे उभे राहिले. प्रत्येक पुरा म्हणजे एका सरदाराच्या आश्रयाने वसलेली वस्ती होती. बऱ्हाणपूर तर आपल्या शेजारचेच. फारुकी सुलतानांनी चौदाशेच्या सुमारास वसविलेल्या या नगराला १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात भूमिगत जलवाहिनी लाभली. कुंडी भंडारा या नावाने ती आजही पाहावयास मिळते. बऱ्हाणपूरच्या कापडाच्या वैभवामागे या पाण्याचाही वाटा आहे. रंगाऱ्याच्या कामाला पाणी भरपूर लागते.

जयपूर: एकच दोरी

आपल्या अनेक कुटुंबांची मुळे राजस्थानात आहेत, म्हणून जयपूरचा उल्लेख हवाच. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये हे नगर आखले; विद्याधर भट्टाचार्य हे त्यांचे साहाय्यक. नगराचे नऊ मोठे चौकोन करण्याची मूळ कल्पना होती. वायव्येस डोंगर आडवा आल्यामुळे एक चौकोन तेथून काढून आग्नेयेच्या अंगास घेतला गेला. येथे कल्पना आणि भूमी यांच्यात तडजोड झाली, तरी दोरी सरळच राहिली. मुख्य बाजार अतिशय रुंद, त्याच्या साधारण निम्म्या रुंदीचे आतले रस्ते आणि पुन्हा त्याच्या निम्म्या गल्ल्या, अशी उतरंड ठेवली गेली. बाजाराच्या दर्शनी ओळीतील दुकाने एका नमुन्याची. त्यांच्या मागे चौकडीच्या आत मात्र ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे हवेली बांधावी. परगावच्या सावकारांना आणि जवाहिऱ्यांना सवलती देऊन बोलावले गेले. हल्दियांचा रस्ता, मणिहारांचा रस्ता, घीवाल्यांचा रस्ता ही नावे आजही टिकून आहेत. दर्शनी बाजूस राज्याचे शासन आणि आतल्या बाजूस कुटुंबाचे स्वातंत्र्य, हा जयपूरचा समतोल होता.

धुळे: कायमची जागा

खानदेशातील सर्वांत बोलके उदाहरण धुळ्याचे. लळिंगच्या छायेतील हे लहानसे गाव १८०३ च्या भीषण दुष्काळात पूर्णपणे ओस पडले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरचे बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. त्याबद्दल त्यांना इनाम जमिनी मिळाल्या आणि सोनगीर व लळिंग या मुलखांचा कारभार त्यांनी धुळ्यास राहूनच पाहिला. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने नव्या खानदेश जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. पांझरा नदी आणि पाटाचे पाणी यांच्यामध्ये अडकलेले, बागाईताने वेढलेले एक छोटे गाव, असे त्याने त्याचे वर्णन केले आहे. १८१९ मध्ये तेथे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती.

जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळाली. दूरदूरचे कारागीर आणविले गेले. परंतु कचेरी बांधल्याने पेठ होत नाही, हे ब्रिग्जने ओळखले. नव्या धुळ्यात घरासाठी येणाऱ्याला जागा कायमची, भाडे न घेता दिली जाईल असे जाहीर झाले. पक्के घर बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना आणि परक्यांनाही आगाऊ रक्कम दिली गेली. विचार केला तर हा मराठेशाहीतील कौलाचाच नवा अवतार होता. फरक इतकाच की कौलाची मुदत संपत असे. येथे सवलत निरंतर होती. परिणाम आकड्यांत दिसतो. १८७२ मध्ये धुळ्याची लोकसंख्या १२,४८९ झाली, म्हणजे त्रेपन्न वर्षांत जवळजवळ पाचपट.

जुने धुळे वेडेवाकडे राहिले. नव्या धुळ्यात मात्र आग्रा रोडच्या आसपास सरळ, समांतर गल्ल्या पडल्या. आजही तेथील व्यापारी आपला पत्ता 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असा सांगतात. सर विश्वेश्वरय्यांनी धुळे आखले असे पुष्कळदा ऐकू येते. ते मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात १८८४ मध्ये दाखल झाले आणि पांझरेवरील त्यांचे पाण्याचे काम प्रसिद्धच आहे. परंतु नव्या धुळ्याचा पाया त्यापूर्वी पासष्ट वर्षे, जागावाटपाच्या त्या सवलतीने घातला गेला होता.

याच पांझरेकाठी आणखी एक शहाणी विभागणी शतकानुशतके चालत आली आहे, ती म्हणजे फड पद्धत. बंधाऱ्याच्या पाटाखालील जमीन तीन-चार फडांत विभागावयाची, एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे आणि प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात ठेवावयाचा. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. ज्याने त्याने आपल्या मर्जीने पाट फोडावयाचा नाही. शेताचे तुकडे लांबट असतात, कारण प्रत्येकाला चारीचे पाणी मिळाले पाहिजे. शेताचे तोंड पाटाकडे, तसे दुकानाचे तोंड रस्त्याकडे. पाणी आणि रस्ता या दोन्ही सामाईक वस्तू आहेत, आणि खासगी तुकड्याचे मोल त्या सामाईक वस्तूमुळेच ठरते.

फिलाडेल्फियाची चूक

उलट उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. १६८२ मध्ये विल्यम पेनने अमेरिकेत दोन नद्यांच्या मध्ये फिलाडेल्फिया हे नगर काटकोनी रस्त्यांनी आखविले. दोन मुख्य रस्ते शंभर फूट रुंद, बाकीचे साधारण पन्नास फूट. प्रत्येक घराभोवती बाग असावी म्हणून जागा ऐसपैस ठेवल्या. परंतु व्यापार नदीकाठच्या धक्क्याला चिकटून राहिला. काठालगतच्या मालकांनी आपल्या मोठ्या जागांचे तुकडे पाडले, मधून अरुंद बोळ काढले आणि तुकडे विकले. आराखड्यातील रस्ते जसेच्या तसे राहिले, पण चौकोनांच्या आत दाट गल्ल्या उगवल्या आणि बागा गेल्या. नगर नकाशावर आखले जाते हे खरे. पण पुढच्या दोनशे वर्षांचे नगर घराघरांत होणाऱ्या वाटण्या आणि खरेदीखते घडवितात.

तीन दिवसांचे नगर

आमच्या फैजपूरने एक आखीव नगर फार थोड्या दिवसांसाठी पाहिले. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन येथे झाले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या आग्रहाने शहर टाळून खेडे निवडले गेले होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबू, तट्ट्या अशा गावच्या साहित्याचे टिळकनगर उभे राहिले. मुंबईहून धावपटूंनी ज्योत आणली. खंड, शेतसारा आणि शेतकऱ्याचे कर्ज यांच्याविषयीचा कार्यक्रम याच अधिवेशनाने मंजूर केला. अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबरला झाले. प्रदर्शन, तयारी, पांगापांग धरून काही दिवस गजबज होती, आणि मग नगर उठले.

दादासा ती गोष्ट सांगत तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चमक येई. मला मात्र आता दुसरेच काही दिसते. टिळकनगराला रस्ते होते, महाद्वार होते, शिस्त होती. पण तेथे कोणाच्या नावे एक हातही जागा तोडून दिलेली नव्हती. म्हणून ते हेतू पूर्ण होताच निघून गेले, आणि तसेच जावयाचे होते. धुळ्याच्या गल्ल्या दोनशे वर्षे राहिल्या त्या जागा कायमच्या दिल्यामुळे. मुक्कामाला मांडव पुरतो. पिढ्या नांदायच्या तर दोरी आणि दस्त दोन्ही लागतात.

आपल्या घरची रेषा

आता पुन्हा आमच्या साडेदहा फुटांच्या रेषेकडे येऊ. इतिहास वाचल्यावर तिच्यातील खोट स्पष्ट दिसते. आमच्या जागेचे सारे मोल एकवीस फुटांच्या तोंडात आहे. उभी भिंत घातली की चौकाचे दोन अंधारे हौद होतील, जिना दोनदा बांधावा लागेल, भिंतींची जाडी दोन्हीकडे खाईल आणि रस्तारुंदीत पुढचे पाच-सहा फूट गेले तर कोणाचेच दुकान दुकान राहणार नाही. त्यापुढच्या पिढीत साडेदहाचे सव्वापाच फूट होतील. फिलाडेल्फियाच्या मालकांनी नेमके हेच केले होते.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताचा एक अतिचार येथे आठवतो. क्षेत्र आणि वास्तू यांची मर्यादा ओलांडण्याचे उदाहरण देताना टीकाकारांनी एक पळवाट सांगितली आहे: एकच घर ठेवीन असे व्रत घेतलेल्याने शेजारचे घर विकत घ्यावे आणि मधली भिंत पाडून दोन्ही मिळून 'एकच' म्हणावे. संख्या पाळली, भाव मोडला. आमच्या वाटणीत भिंत पाडण्याऐवजी घालावयाची आहे, पण धोका तोच आहे. फुटांची संख्या समान केली म्हणजे न्याय झाला असे मानून घराचा उपयोगच मोडून टाकावयाचा.

म्हणून कुटुंबापुढे मी काही गोष्टी मांडल्या आहेत. त्या इतरांनाही उपयोगी पडाव्यात. पहिली गोष्ट, वाटणीआधी सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका काढून जुन्या खरेदीखतातील चतुःसीमेशी ताडून पाहावी. मोडी कागद असतील तर जाणकाराकडून वाचवून घ्यावेत. मागचा बोळ, सामाईक भिंत, पन्हळीचे पाणी कोणीकडे पडते, चौकातून जाण्याची वहिवाट, हे सारे त्या कागदांत असते आणि भांडणे बहुधा याच बाबींवरून होतात. दुसरी, रस्त्याचे तोंड शक्यतो कापू नये. आडवी वाटणी करता येते, मजल्यांप्रमाणे करता येते, किंवा दुकान एकाने ठेवून दुसऱ्याला रोख भरपाई देता येते. १८९३ च्या वाटणी कायद्यानेही, तुकडे पाडणे सोयीचे नसेल तेथे विक्री करून रक्कम वाटण्याचा मार्ग न्यायालयाला खुला ठेवला आहे. कोर्टाची पायरी न चढता तोच विचार घरी करता येतो. तिसरी, शेजाऱ्यांशी बोलावे. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्यामागे एक साधे तत्त्व होते: सर्वांनी आपापल्या जागेतील थोडा भाग द्यावा, त्यातून रस्ता निघावा आणि प्रत्येकाला लहान पण नीट आकाराची जागा परत मिळावी. जुन्या बाजारात तीन-चार शेजाऱ्यांनी एकत्र बांधायचे ठरविले तर त्याच तत्त्वावर उजेडही मिळेल आणि बोळही राहील.

काकासा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. माझे सगळे बोलणे त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "बोळाचे काय करणार?" मागचा तीन फुटी बोळ दादासांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने वाटणीच्या वेळी दोघांच्या जागेतून दीड दीड फूट सोडून ठेवला होता. तो कोणाच्याच नावे नाही आणि सत्तर वर्षांत त्याच्यावरून एकदाही शब्द झालेला नाही. तरुणांपैकी एकाला ते ठाऊकच नव्हते. मोजणीच्या कागदावर तो बोळ दाखवायचा राहिला होता. तो आम्ही त्याच रात्री पेन्सिलीने काढून घेतला. मधल्या रेषेचा निर्णय पर्युषणानंतर सगळे एकत्र जमतील तेव्हा व्हावयाचा आहे.